सरांचे स्फटिक

कृपाने बेचाळिसावा बीकर खिडकीतल्या उन्हात धरला आणि खाली ठेवला. तळाशी पुन्हा तेच बुटके, दोन्ही टोकांना सारखे खडे. हवे होते एका बाजूला निमुळते होत जाणारे. ग्लायसीन हे अमिनो आम्ल निव्वळ पाण्यातून त्या रूपात येतं, असं राधाकृष्ण सरांनी एकोणऐंशी साली छापून आणलं होतं. कृपाचा सगळा प्रबंध त्यावर उभा राहायचा होता, आणि दोन वर्षं तो पायातच अडला होता. मार्चअखेर सर निवृत्त होणार. त्याआधी त्यांची सही मिळाली नाही, तर दोन्ही वर्षं मातीत.

"नाचता येईना अंगण वाकडं," सर कालच म्हणाले होते. "भांडी नीट धुवून घे."

भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. प्रयोगशाळेतली भांडी पंचवीस वर्षं छबूबाई धूत होत्या. त्यांना मात्र ते झोंबलं.

"भांड्याला नावं ठिवू नका, म्याडम. सरांनी हे खडे केले त्या टायमाला डिस्टिल पान्याचं मशीन सा म्हैने बंद हुतं. डबा मी बोअरच्या पान्यानं भरायची. लई खारं. चहा केला तर दूध नासायचं."

"सरांना ठाऊक होतं?"

"न्हाई बा. कोन सांगनार त्यांना?"

कृपा स्टुलावरून उठली. तिने बरणीतलं मीठ तोललं आणि त्रेचाळिसाव्या बीकरात टाकलं.

तेराव्या दिवशी तळाशी निमुळते खडे होते. तिला आनंद झाला नाही. ज्यांना खोटं पाडायचं, त्यांचीच सही मागायची होती. तिने बीकर सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी चिमट्याने एक खडा उचलला, चष्मा कपाळावर चढवून न्याहाळला.

"मीठ किती घातलंस?"

कृपाने वही उघडून मिठाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मला सत्त्याऐंशीत कळलं," सर म्हणाले. "तोवर त्याच शोधनिबंधावर विभागप्रमुख झालो होतो."

"मग मला भांडी कशाला धुवायला लावलीत, सर?"

सरांनी तिची वही पुढे ओढली. पहिल्याच पानावर त्यांच्या निबंधाचा दाखला होता. त्याच्यासमोर त्यांनी सावकाश लिहिलं, 'हे चूक आहे', आणि खाली पूर्ण सही केली, तारखेसकट.