चाऱ्याचं कपाट

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या मागे, एक काचेचं कपाट आहे. पेशंटांकडून काढून घेतलेल्या पुड्या, काढ्यांच्या बाटल्या, चूर्णाचे डबे त्यात ओळीनं मांडलेले असतात, आणि वर डॉक्टरांच्याच अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली असते: 'चारा'. शिकाऊ डॉक्टर आले की ते हे कपाट हौसेनं दाखवतात. "बघा, माणसं काय काय चरतात!" पोरं हसतात. न हसून सांगतात कुणाला? पास-नापास याच माणसाच्या हातात असतं.

मी त्याच हॉस्पिटलात, तळमजल्यावर, औषधांच्या काउंटरवर फार्मासिस्ट आहे आणि माझा धाकटा भाऊ या डॉक्टरांचा पेशंट. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी माझी एक दिली. त्यात मोठेपणा काही नाही. त्याच्या बायकोची जुळली नाही, माझी जुळली, विषय संपला. शरीरानं परकी किडनी ओळखून तिच्यावर तुटून पडू नये म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागायच्या. रक्तातलं त्यांचं प्रमाण खाली गेलं की किडनी धोक्यात.

आणि ते खाली जायला लागलं. डॉक्टरांनी डोस वाढवला. तरी खालीच. मग ते ओपीडीत सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाले, "गोळ्या चुकवतोयस तू. बहिणीनं फुकटात दिली ना, किंमत कुठून असणार!"

तो खाली मान घालून माझ्या काउंटरवर आला. मला ठाऊक होतं, हा गोळ्या चुकवणाऱ्यातला नाही. लहानपणी गृहपाठ दाखवायला यायचा तसा गोळ्यांची रिकामी पाकिटं आणून मला दाखवायचा. मग औषध पोटात जाऊन गडप होत होतं कुठे?

डबा मला त्याच्या स्वयंपाकघरात सापडला. चहा टाकायला म्हणून उठले, तर साखरेच्या बरणीला खेटून ठेवलेला. 'मनाला उभारी. शंभर टक्के नैसर्गिक.' आत वाळलेली पिवळी फुलं. झाकण लावायचंही मला सुचेना. या फुलांबद्दल मी वाचलं होतं. ती यकृताला असं कामाला लावतात की काही औषधं नेहमीपेक्षा फार लवकर मोडून बाहेर टाकली जातात. भावाची गोळी त्यातलीच.

"हे कोण पितं?" मी विचारलं.

भावजय दचकली. "हेच. ऑपरेशननंतर अगदी गप्प झाले होते, ताई. झोप नाही, कशात मन नाही. शेजारणीनं हा चहा सुचवला. पण न विचारता नाही हो घेतला! डबा पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेलो होतो. यांनी विचारलं, झाडपाल्याचं काही घेतलं तर चालेल का? डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, घे की, गवतच ते, गायपण खाते. ना फायदा ना तोटा. आणि मागचं कपाट दाखवलं. मग यांनी डबा बाहेर काढलाच नाही."

"का रे?" मी भावाकडे वळले.

"तो पण त्या कपाटात गेला असता," भाऊ म्हणाला. "आणि तोटा नाही म्हणाले ना ते."

"आणि मी? मी काय मेले होते? रोज औषधांतच बसलेली असते ना मी?"

त्यानं टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटानं पुसला. "तुला काय सांगणार होतो, ताई? तू माझ्यासाठी पोट फाडून घेतलंस. आणि मला जगावंसंच वाटत नाही, हे तुझ्या तोंडावर सांगू?"

त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. डबा पर्समध्ये टाकला, त्याला उठवलं आणि हॉस्पिटल गाठलं. फुलं बंद झाली, डोस बदलले, सलाइनी लागल्या. पण शरीरानं तोवर परकी किडनी ओळखली होती. ती गेली. आता भाऊ डायलिसिसच्या यंत्राला बांधलेला असतो, आणि माझ्या पोटावरचा व्रण तेवढा शिल्लक आहे.

यानंतर हॉस्पिटलला जाग आली. सभागृहात डॉक्टर, नर्स आणि आम्हा फार्मासिस्टांसाठी व्याख्यान ठेवलं: 'वनौषधी: पुरावे आणि सुरक्षित वापर'. वक्ते कोण? मोठे डॉक्टर! नाव न घेता पडद्यावर माझ्या भावाचीच केस लावली होती. "हे सगळं थोतांड आहे," ते म्हणाले, "आणि या पेशंटनं ते आपल्यापासून लपवलं."

मी उभी राहिले. माझा आवाज चढला होता, चढू दे.

"लपवलं नाही, सर. विचारलं होतं, तुमच्याच खोलीत. कसला झाडपाला, कशासाठी, एवढंही तुम्ही विचारलं नाहीत. गाय खाते म्हणालात. आणि ही फुलं थोतांड नाहीत. सौम्य नैराश्यावर ती काम करतात, त्याचे पुरावे आहेत. काम करतात म्हणूनच किडनी गेली. नुसतं गवत असतं तर वाचली असती."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "गमतीत म्हणालो असेन. पेशंटला गंमत आणि सल्ला यातला फरक कळायला हवा." पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग चहाची सुट्टी झाली आणि सगळे समोशांकडे वळले. एकही जण माझ्याशी येऊन बोलला नाही.

डायलिसिसच्या खोलीत बातमी माझ्याआधी पोचली होती. भाऊ हातात सुया टोचलेल्या अवस्थेत पडलेला.

"ताई, त्यांची माफी माग."

"कशाबद्दल? तुझं वाटोळं केलं त्याबद्दल?"

"दुसऱ्या किडनीसाठी माझं नाव त्यांनीच पुढे पाठवायचंय." तो उगाच हसला. "आणि तुझ्याकडे आता देण्यासारखी उरली नाही ना."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. हरीला निदान रडू तरी येत असेल, मला तेही येईना. जिने चढून गेले. दारावर टकटक केलं आणि म्हटलं, "सर, सकाळी जरा जास्तच बोलले. माफ करा."

ते उदार झाले. "अहो, भावनेच्या भरात होतं असं. मी मनात ठेवत नाही. भावाचे कागद पाठवतो मी." मग खुर्ची मागे वळवून त्यांनी कपाट उघडलं. "बरं, तो डबा कुठे आहे? आणून द्या. पोरांना दाखवायला उत्तम नमुना आहे." मधल्या फळीवर, दोन बाटल्या बाजूला सारून, त्यांनी जागासुद्धा करून ठेवली होती.

डबा माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होता. त्या दिवसापासून तो तिथंच होता.

"फेकून दिला, सर," मी म्हटलं. आणि पर्स हातानं घट्ट दाबून धरली, भावानं इथं बसून आपली पिशवी धरली असेल तशी.