समहाचं नाक

डॉक्टर रय्यानं पिशवीतून कापूस गुंडाळलेली वीतभर काडी काढली आणि मुसल्लम दोन पावलं मागे सरकला. शुक्रवारी सांडण्यांची, म्हणजे उंटिणींची सौंदर्यस्पर्धा. त्याच्या समहा सांडणीसारखा लोंबता ओठ आणि बाकदार नाक अख्ख्या सलाला शहरात नव्हतं. गेल्या वर्षी ओठ फुगावेत म्हणून सुया टोचलेल्या सांडण्या पंचांनी हाकलून दिल्या होत्या. काडीनं नाक सुजलं तर पंच काय समजतील? आणि ही बाई नेमकी आत्ताच कशी उगवली? शेजारच्या कुंपणातल्या चुलतभावानं, बखीतनंच धाडली असणार.

उंटांच्या नाकातला एक विषाणू शोधायचाय, असं रय्यानं समजावून पाहिलं. विषाणू म्हणजे धड जिवंतही नाही असं काहीतरी. एकट्याला काही जमत नाही. पेशीत शिरतो, तिच्याकडूनच आपल्या नकला करून घेतो, मग त्या नकला पुढच्या पेशी गाठतात. ह्या विषाणूनं उंटाला नुसता शेंबूड येतो, माणसाची मात्र कधीकधी छाती भरते.

"म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसून त्याच्याच भांड्यात आपलं शिजवायचं," मुसल्लम म्हणाला. "आमचा बखीतच की हा."

"काका, समहाला आणता ना?"

"आणतो. तू कॉफी घे पोरी."

बखीत बाजारात गेला होता. मुसल्लमनं समहाला गुपचूप त्याच्या कुंपणात सोडलं, तिथली एक सांडणी ओढून आणली आणि तिच्या पाठीवर समहाची गोंड्यांची झूल टाकली. सुजायचंच तर बखीतचं नाक सुजू दे. सांडणी फुरफुरत होती, शेंबूड गाळत होती. त्याला वाटलं, बखीतच्या घरचं वळण, दुसरं काय. रय्यानं काडी फिरवली, नळीवर 'समहा' लिहिलं आणि गेली. तोवर खरी समहा बखीतच्या उंटांच्या हौदात तोंड घालून निवांत पाणी पीत होती.

मंगळवारी रय्या परत आली. समहाच्या नाकात विषाणू सापडला होता. स्पर्धा बंद, वेगळं बांधायचं.

मुसल्लमचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात त्यानं झुलीची गोष्ट ओकून टाकली. रय्यानं पुन्हा पिशवी उघडली. मग तिनं खऱ्या समहाचा नमुना घेतला. त्या दिवशी ती कुठे होती, तेही विचारून घेतलं.

बुधवारी खऱ्या समहाच्याही नाकात तोच विषाणू निघाला. काडीनं नाक मात्र तसूभरही सुजलं नव्हतं.

"काका, तुम्ही हिच्या नाकाचा मुका घेता?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

रय्यानं नवी काडी काढली. मुसल्लमनं डोळे मिटून मान मागे टाकली. काडी आत गेली तेव्हा कुंपणापलीकडून बखीतचा आवाज आला.

"समहा आजारी कशी पडली रे? माझ्या उंटांच्या वाऱ्यालासुद्धा तू तिला उभी करत नाहीस."

मुसल्लमच्या नाकात काडी होती. पण हा एवढ्या गोड आवाजात का विचारतोय, ह्याचा त्यानं लगेच विचार सुरू केला.