सोनं मानवत नाही म्हणे

थोरलीने शिवलेला बंद गळ्याचा ब्लाउज ज्या बाईकडे नाही, अशी बाई त्या गल्लीत शोधूनही सापडली नसती. दोन बोटं उंच उभी कॉलर, मागे तीन बारीक बटणं आणि आतून मऊ सुती अस्तर. बायका कापड आणून मशीनवर टाकायच्या आणि म्हणायच्या, तुझ्यासारखाच गळा कर गं. हा नमुना सुचला तरी कुठून, असं कुणी विचारलं की थोरली सुई दातात धरून नुसती हसायची. दातात सुई असली की बोलावं लागत नाही, हा शिवणकामाचा मोठाच फायदा आहे.

नमुना सुचला तो खाजेतून.

त्या कॉलरखाली, कातडीला चिकटून, घराण्याचा पट्टा होता. पानापानांची नक्षी असलेला, गळ्याशी घट्ट बसणारा, सोन्याचा. या घराची रीत अशी की नवी सून आली की पट्टा तिच्या गळ्यात जायचा आणि पुढची सून येईपर्यंत तिथेच राहायचा. झोपताना नाही, अंघोळीला नाही, बाळंतपणातसुद्धा काढायचा नाही. ज्या सुनेला सोनं मानवलं तिला घर मानवलं. ज्या सुनेचं अंग सोन्याला नको म्हणालं तिचा अंगगुण वाईट, आणि तिच्यापायी घराचं वाटोळं ठरलेलं. हे ठरवायचा मान सासऱ्यांच्या बहिणीचा, आत्याबाईंचा. घरातलं पान त्यांच्याशिवाय हलायचं नाही, आणि वारा कितीही असला तरी त्यांच्या मर्जीशिवाय खिडकीही उघडायची नाही.

थोरलीच्या गळ्याला लग्नानंतर महिन्याभरातच पुरळ आलं. फोड आले, फुटले, खपली धरली, पुन्हा आले. पट्ट्याखालचं पट्टा झाकायचा. बाहेर पसरलेलं झाकायला तिने कॉलर शोधून काढली. नवऱ्याने पाहिलं नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी तो म्हणाला, काहीतरी मलम लाव. पुढे भिंतीवरच्या ओलीची सवय होते तशी त्याला त्या गळ्याची सवय झाली. सासूबाई मात्र त्या पहिल्याच महिन्यात एका दुपारी तिच्या खोलीत आल्या आणि पाणेरी रंगाच्या नखरोगणाची बाटली तिच्या मशीनच्या खणात ठेवून म्हणाल्या, "पट्ट्याला आतल्या बाजूने लावायचं. सुकलं की घालायचं. कुणाला सांगायचं नाही."

तेव्हापासून थोरली चोरून पट्टा काढायची, रोगण लावायची, फुंकर मारून सुकवायची. चार दिवस बरं जायचं. सासूबाईंना हा उपाय कुठून ठाऊक, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. माणूस स्वतःची लाज झाकण्यात गुंतला की शेजारच्याची झाकलेली लाज त्याला दिसत नाही.

आणि आता धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं. थोरलीचा गळा सुटणार होता.

येणारी मुलगी तलावावर पोरांना पोहायला शिकवायची. दीर तिला मासोळी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायला लागले. खांदे रुंद, मान लांब, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत पोचेल असा. पट्ट्याबद्दल तिला एवढंच सांगितलं होतं की घराण्याचा दागिना आहे, थोरली आपल्या गळ्यातून काढून तुझ्या गळ्यात बांधेल. ती म्हणाली होती, छान आहे की.

बाकीचे दागिने घ्यायला सासूबाईंनी थोरलीला आणि तिला दुकानात पाठवलं. दुकानातल्या बाईंनी मासोळीला नीट उभी करून आधी नुसतंच न्याहाळलं, शिंपी मापं घेण्याआधी न्याहाळतो तसं. मग तबकातले गळ्यालगतचे सगळे हार उचलून बाजूला ठेवले. एवढ्या रुंद खांद्यांवर गळ्याशी घट्ट काही घातलं, तर कुंडीत लावल्यासारखी दिसशील, म्हणाल्या. त्यांनी तिला छातीपर्यंत येणारी बारीक साखळी दिली, एकच निळा खडा असलेली, आणि आरसा पुढे केला. मासोळीने मान डावीकडे-उजवीकडे केली आणि स्वतःवरच खूश झाली. कानात जड काही नको, पाळी ओघळते, मग आयुष्यभर भोक लांब दिसतं, असंही बाईंनी सांगितलं. तलावाच्या पाण्यात काय टिकेल, यावर दोघींची बरीच चर्चा झाली. चांदी काळी पडते. मुलामा उडतो. मोती तर तिथे न्यायचेच नाहीत.

मग मासोळी म्हणाली की शाळेत असताना तिने रस्त्यावरची कानातली घातली होती आणि महिनाभर कान चिघळले होते.

"निकेल असणार," बाई म्हणाल्या. "स्वस्त धातूत घालतात. काहींच्या कातडीला ते चालतं, काहींच्या अजिबात नाही. आणि एकदा कातडीने वैर धरलं की ती विसरत नाही. यात तुझा काही दोष नाही हं."

थोरली इतका वेळ बांगड्यांची मापं बघत होती. तिने बांगडी खाली ठेवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की सोन्यानेही असं होतं का.

चोख सोन्याने सहसा नाही, बाईंनी सांगितलं. पण वर सोनं आणि खाली भलतंच असलं तर होणारच. मुलामा आधी आतल्या बाजूने झिजतो, अंगाला घासतो ना. बाहेरून दागिना झगझगीत दिसतो आणि आत उघडा धातू कातडीला लागलेला असतो.

थोरलीचा हात कॉलरवर गेला. बाईंनी तो पाहिला. त्यांनी मासोळीपुढचा आरसा जरा तिच्याकडे सरकवला.

थोरली घरी परतली तेव्हा सासूबाई गच्चीत वाळलेल्या चादरी काढत होत्या. थोरलीने चादरीची दोन टोकं धरली, सासूबाईंनी दोन. चादरीची घडी घालायला दोघी लागतात, आणि प्रत्येक घडीला एकमेकींच्या जवळ यावं लागतं.

"आई, ती बाटली तुमच्याकडे कशी होती?"

"कुठली बाटली?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठली."

सासूबाईंनी चादर झटकली. उन्हाळा असो वा हिवाळा, त्यांच्या गळ्याभोवती शाल असायची. म्हातारीला थंडी वाजते, असं घर समजायचं. आज थोरली पहिल्यांदाच त्या शालीकडे नीट बघत होती. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. मग त्या हळू आवाजात बोलत राहिल्या. त्यांच्या वेळी रोगण नव्हतं, मेण असायचं. त्यांच्या सासूने शिकवलं होतं. आपलंच अंग खोटं, असं प्रत्येकीला वाटायचं, आणि वरची म्हणायची, माझंही होतं, सांभाळून घे. त्यांच्या धाकट्या जावेला मात्र सांभाळता आलं नाही. एका उन्हाळ्यात ती पट्टा काढून नळाखाली मान धरून बसली आणि नेमक्या आत्याबाई आल्या. तिला दुसऱ्या दिवशी माहेरी पोचवलं. पुन्हा कधी आणलं नाही. तिचं नाव या घरात कुणी घेत नाही.

"आणि पट्टा?"

"माझ्याकडे परत आला. तू येईपर्यंत." सासूबाईंनी घडी पूर्ण केली. "तिच्या गळ्यात तो मीच बांधला होता. सुटले म्हणून मला आनंद झाला होता गं तेव्हा."

सुटण्याचा तो आनंद तिच्याही पोटात गेले कित्येक दिवस घर करून होता, आणि आता त्याची चव बदलली होती.

सासूबाईंचं म्हणणं एवढंच की या पोरीसाठी रोगणाचे चार हात देऊ. उगाच आगीत तेल कशाला. थोरलीने विचारलं की ती रोज तलावात उतरते, रोगण किती टिकेल. सासूबाईंनी पुढची चादर उचलली.

पट्टा देण्याचा दिवस उजाडला. दोन्हीकडची माणसं पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसली. आत्याबाई मधल्या खुर्चीत. सासरे त्यांच्या उजव्या हाताला, ते नेहमी तिथेच असायचे. आत्याबाईंनी पट्ट्याची थोरवी सांगितली, किती पिढ्या, किती सुना, कसं अस्सल सोनं. मग त्या थोरलीकडे वळल्या आणि म्हणाल्या, घे, बांध तिला.

थोरली उठली. तिने मागची तीन बटणं काढली, कॉलर बाजूला केली आणि पट्ट्याची कडी उघडली. पट्टा हातात घेऊन ती खिडकीच्या उजेडात गेली आणि मान वर करून सगळ्यांकडे वळली.

गळ्याभोवती काळपट जाड कातडीचं कडं होतं. मध्येच लाल, मध्येच ओलं. मासोळीच्या आईने तोंडावर हात ठेवला.

थोरली म्हणाली, "मी हा बांधणार नाही."

सासरे ओरडले की हे काय चाललंय. तिचा नवरा उठला, तिच्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला की आत चल. ती म्हणाली, आतच होते इतकी वर्षं. मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं, तो परत जागेवर गेला नाही, तिच्या शेजारीच उभा राहिला.

आत्याबाई शांत होत्या. अशी माणसं शांत असतात तेव्हाच जपून राहावं लागतं. त्या म्हणाल्या की म्हणजे हिचा अंगगुणही वाईट निघाला, इतकी वर्षं आपल्याला फसवलं. दोष हिच्यात आहे, सोन्यात नाही.

तेव्हा सासूबाईंनी शाल काढून मांडीवर ठेवली. एवढंच केलं. त्या सुरकुतलेल्या गळ्यावरचं जुनं, पुसट, पण पुरतं कडं खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं, आणि त्यांच्याकडे बघून वाटलं की त्यांनी ते खरोखरच पहिल्यांदा पाहिलं असावं.

"हिचं वाईट, माझं वाईट, धाकट्या जावेचं वाईट," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या वाईट बायका नेमक्या याच घरी कशा आल्या, वन्सं?"

थोरलीने पट्टा उलटा केला. बाहेरून सोनं, आतून करडा धातू, त्यावर वाळलेल्या रोगणाच्या पापुद्र्यावर पापुद्रे. तो तिने आत्याबाईंपुढे धरला.

"आत्याबाई, तुम्ही घालून दाखवा. पंधरा दिवस घाला. तुम्हाला मानवला तर मी स्वतः हिच्या गळ्यात बांधते."

आत्याबाईंनी हात मागे घेतला. "मी कशाला घालू? मी या घरची मुलगी आहे."

आपण काय बोललो ते आत्याबाईंना कळलं नसावं, पण बाकीच्यांना कळलं. मासोळीची आई हळूच उठली आणि लेकीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"मीही कुणाच्या तरी घरचीच आहे," मासोळी म्हणाली, तलावावरच्या आवाजात नव्हे, अगदी साध्या. "लग्न मला करायचंय. हा घालायचा नाहीये. आज नाही, कधीच नाही."

सगळे दिराकडे बघायला लागले. सासरे बजावत होते की रीत मोडायची असेल तर घर सोड. दीर घाबरला होता, हे दिसतच होतं. त्याने आधी बापाकडे पाहिलं, मग आईच्या उघड्या गळ्याकडे, आणि तिथेच बघत राहिला. मग म्हणाला की मग लग्न आम्ही दोघंच करू, रीत इथेच राहू दे. आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं.

आत्याबाई निघून गेल्या. सासरे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. कुणी त्यांची मनधरणी केली नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ते आपणहून बोलायला लागले, चहा मागण्यापुरतं. लग्न झालं. मासोळीच्या छातीवर बारीक साखळी होती.

पुढच्या आठवड्यात सासूबाई थोरलीला म्हणाल्या, मला त्या दुकानात ने.

दुकानातल्या बाईंनी पट्टा कसोटीवर घासला. दगडावर उमटलेली सोनेरी रेघ तेजाबाचा थेंब पडताच विरघळून गेली. खाली पितळ आणि निकेल. कुठल्या पिढीने सोनं मोडून खाल्लं आणि वर मुलामा चढवून रीत तेवढी शिल्लक ठेवली, कोण जाणे. सासूबाईंनी तो परत घेतला नाही. वितळवून टाका, म्हणाल्या.

मग त्यांनी काचेखालच्या दागिन्यांवरून नजर फिरवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दागिना निवडायला आल्या होत्या. बाईंनी विचारलं, तुमच्यासाठी का?

"नाही. माझ्या जावेसाठी."

बाईंनी तबक काढलं. चोख सोन्यात दाखवते, म्हणाल्या, अंगाला काही होणार नाही. त्यांचा गळा कसा आहे? लांब, आखूड? रंग कसा? काय घालतात?

सासूबाई सांगायला लागल्या की लांब होता, खूप देखणा होता, आणि मध्येच थांबल्या.

"आता कसा आहे ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मी तिला बघितलेलंच नाही. तिला अजून वाटत असेल की तिचंच अंग वाईट होतं."

बाईंनी तबक हळूच मागे सरकवलं. माणूस बघितल्याशिवाय दागिना सांगता येत नाही, म्हणाल्या, आधी त्यांना घेऊन या.

सासूबाईंनी मान डोलावली. शाल घरीच राहिली होती. तशाच उघड्या गळ्याने त्या दुकानाच्या पायऱ्या उतरल्या आणि घराच्या रस्त्याला न लागता उलट दिशेने, जावेच्या माहेराकडे चालायला लागल्या. त्या इतक्या भराभर चालत होत्या की थोरलीला त्यांना गाठायला धावावं लागलं.