सरकलेले रकाने

मित्रांनो, टेक्स्ट फाइलला कोण विचारतं? तरी सांगते. मी अशीच एक जुनी फाइल, वय दोन वर्षं, आणि तेवढ्यातच माझ्या नाकी नऊ आले आहेत.

दातांच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या एका ताईनं मला जन्माला घातलं. तिनं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेचा क्लास लावला होता. घरी तिचे बाबा दिवसभर एकटे असत आणि औषधं विसरत. म्हणून तिनं ठरवलं, की प्रोग्राम लिहायचा, त्यानं माझ्यात गोळ्यांची यादी उतरवायची आणि ती छापून फ्रिजवर चिकटवायची. हातानं पाच मिनिटांचं काम! पण नवं शिकलेल्याचे हात शिवशिवतात ना.

पहिल्या दिवशी मी कोरीच निघाले. "सर, लिहिलंय तर खरं, मग फाइल रिकामी का?" तिनं क्लासमध्ये विचारलं. अहो, लिहून झालं की मला बंद करायचं असतं! त्याशिवाय शब्द माझ्यापर्यंत पोचतील याचा भरवसा नाही. मग नवी गोळी लिहिली की जुन्या सगळ्या पुसल्या जायच्या, कारण 'पुढे जोड' हे सांगायचं राहिलेलं. नंतर तर माझ्या पोटात मराठीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं. मी कपाळाला हात लावला असता, पण मला ना कपाळ, ना हात. सर मात्र शांतपणे उत्तरं देत राहिले.

मग आले रकाने: औषध, सकाळ, रात्र. नावाला वीस जागा राखल्या की पुढचे आकडे एका रेषेत येतात, असं सरांनी शिकवलं होतं. इंग्रजी नावांना ते खरंही होतं. पण ताईनं बाबांसाठी मराठीत लिहिलं, आणि जावा काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजते. 'मलम' सरळ उभं राहिलं. 'झोपेची गोळी' डोळ्याला सहा जागांची, जावाला अकरा; म्हणून वीस भरायला तिनं पुढे मोकळ्या जागा कमीच सोडल्या. गोळीपुढचा रात्रीच्या रकान्यातला 'एक' हा आकडा डावीकडे सरकला आणि सकाळच्या खाली जाऊन बसला. ताईनं मला उघडून पाहिलंच नाही. थेट छापलं!

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. हातातलं काम टाकून ती धावत सुटली. घरभर धूर होता, गॅसवरच्या दुधाचा कोळसा झाला होता आणि बाबा टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, बाबांना गदागदा हलवलं.

"बाबा! झोपेची गोळी सकाळी कशाला घेतलीत?"

बाबांनी कसेबसे डोळे उघडले आणि फ्रिजकडे बोट केलं. "तूच लिहिलंयस ना गं. मी कशाला शंका घेऊ?"

ताई हमसून हमसून रडली. मलाही रडावंसं वाटलं, पण माझं रडणंसुद्धा दुसऱ्या कुणीतरी लिहावं लागतं.

आता ती रकाने आखत नाही. 'झोपेची गोळी, रात्री, एक' असं ओळीत लिहिते आणि छापण्याआधी मला उघडून मोठ्यानं वाचते.

मित्रांनो, प्रश्न हवे तेवढे विचारा. वैतागेन, पण ऐकेन. फक्त मला लिहिलंत की एकदा वाचा. कारण बाबा तपासत बसत नाहीत. ते गोळी तोंडात टाकतात आणि वर पाणी पितात.