बाळकुमची कॉट

कलावती बावीस वर्षं बाळांना तेल लावत होती. राहायला कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीत. कामं मात्र डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत. सकाळी सातला एक घर, नऊला दुसरं, साडेदहाला तिसरं. कुठे चाळीस दिवस, कुठे तीन महिने. किती बाळं तिच्या पायांवर न्हाली ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाळं मोठी व्हायची आणि त्यांच्या वस्तू मागे उरायच्या. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये उरलेल्या वस्तूंना जागा नसते. “मावशी, कुणाला लागत असेल तर बघा ना,” असं बायका म्हणायच्या, आणि कलावती बघायची. डोंबिवलीतला आंघोळीचा टब तिने चाळीत आणून दिला, घोडबंदर रोडवरची बाबागाडी टिटवाळ्याला पोचवली. कुठली वस्तू जुनी चालते आणि कुठली नाही, यात तिचा शब्द शेवटचा मानला जाई. कपडे, दुपटी, टब बिनधास्त घ्यावेत. बाटल्या, निपल आणि गादी नवीच आणावी. वॉकर कुणी फुकट दिला तरी घेऊ नये, कारण वॉकरसकट जिन्यावरून पडलेली दोन पोरं तिने स्वतः दवाखान्यात नेली होती. लाकडी कॉट घेताना दोन पट्ट्यांमधून आपली मूठ घालून बघावी. मूठ गेली तर कॉट सोडून द्यावी.

त्यामुळे तिच्या सुनेला, प्रियांकाला, दिवस गेले तेव्हा घरात सगळ्यात तयार कोण असेल तर ती कलावती. प्रियांका डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये बिलिंगला होती. मुलगा सुमित लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. दोघांनाही सवड नसायची. कलावतीने मात्र गेल्या दोन वर्षांत माळ्यावर दोन पिशव्या बाजूला ठेवल्या होत्या. आलेल्या वस्तूंमधलं उत्तम तेवढं त्यात जायचं.

सातवा लागल्यावर एका रविवारी तिने सुमितला स्टुलावर चढवलं आणि पिशव्या खाली घेतल्या. झबली, टोपरी, लोकरीचे मोजे, एक निळं ब्लँकेट जे बहुतेक कधी वापरलंच नव्हतं, दूध काढायचा विजेवरचा पंप, खुळखुळे. तिने सगळं चटईवर मांडलं आणि प्रियांकाला हाक मारली.

प्रियांका आली, खुर्चीवर बसली, आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

“हे सगळं कुणाचं?” तिने विचारलं.

“झबली पाटकरांच्या नातीची. ब्लँकेट त्या मानपाड्याच्या डॉक्टरीणबाईंचं. पंप तर बघ, चार महिनेच वापरलाय.”

“पंप नको आई. तो एकीने वापरलेला दुसरीने वापरायचा नसतो. दूध आत मोटरपर्यंत जातं कधीकधी. धुता येत नाही.”

कलावतीला हे माहीत नव्हतं. बाटल्यांबद्दल आपण हेच सांगतो, मग पंपाचं कसं सुचलं नाही, असं तिला वाटलं. तिने पंप बाजूला ठेवला. “बरं. आणि कपडे?”

“कपडे पण नको.”

“का? मी स्वतः उकळत्या पाण्यात धुतलेत. नव्यापेक्षा मऊ झालेत. नवा कपडा टोचतो बाळाला.”

“घाण आहेत असं नाही म्हणत मी,” प्रियांका म्हणाली. “मला दिलेलं नकोय.”

सुमितने मध्ये तोंड घातलं. “अगं, आपल्याला सगळं नवीन घ्यायचं म्हणजे किती होईल माहितीये? कॉट बघून आलो ना आपण. चौदा हजार.”

“मग नको कॉट.”

“कॉटचं तर झालेलंच आहे,” कलावती म्हणाली. “बाळकुमच्या उत्तराताई देणारेत. सागवानी आहे. मी मूठ घालून बघितलीये.”

प्रियांका उठून आत गेली. कलावतीला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. लोक तिला विचारून वस्तू घेत होते, आणि घरच्या सुनेला तिने निवडलेलं चालत नव्हतं.

संध्याकाळी सुमित बाहेर गेल्यावर प्रियांका भाजी निवडायला तिच्याजवळ येऊन बसली आणि आपणहून बोलू लागली. तिची आई भीमाबाई अंबरनाथला एका घरी धुणीभांडी करायची. त्या घरच्या बाई चांगल्या होत्या. दर दिवाळीला पिशवी भरून काहीतरी द्यायच्या. प्रियांका पाचवीत असताना त्यांनी आपल्या मुलीची सायकल दिली. पुढे महिन्याभराने प्रियांकाला टायफॉइड झाला. भीमाबाईने चार दिवस रजा मागितली, तेव्हा बाई म्हणाल्या, “अगं, आत्ता तर सायकल नेलीस.”

“बस, एवढंच,” प्रियांका म्हणाली. “ओरडल्या वगैरे काही नाहीत. पण माझी आई दुसऱ्या दिवशी कामावर गेली. मी घरात एकटी तापाने पडलेले. मग मी ती सायकल कधी चालवलीच नाही.”

कलावती गवारीचे देठ काढत राहिली. “उत्तराताई तशा नाहीत,” ती शेवटी म्हणाली.

“नसतील. पण आई, त्यांचा अर्णव आता दोन वर्षांचा झाला. तुमचं तेलाचं काम केव्हाच संपलं. तरी तुम्ही महिन्यातून दोन रविवार बाळकुमला जाता. त्यांना बाहेर जायचं असलं की पोराजवळ बसायला. त्याचे पैसे घेता?”

“दोन तासांचे काय पैसे घ्यायचे.”

“कॉट देते म्हणाल्या त्याच्या आधी जात होतात का?”

उत्तर कलावतीला माहीत होतं. दिवाळीत उत्तराताई म्हणाल्या, “मावशी, कॉट तुमच्या नातवंडालाच द्यायची,” आणि डिसेंबरपासून त्यांचे फोन यायला लागले होते. नाही म्हणायला तिची जीभ रेटली नव्हती. ते तिने मायेच्या खात्यात घातलं होतं, आणि मायाही त्यात होतीच.

रात्रीपर्यंत तिच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली, ती जास्त टोचणारी. पलीकडच्या गल्लीतल्या रचनाला तिने मागच्या वर्षी झोळीचा स्टँड आणून दिला होता. त्यानंतर रेशनच्या रांगेत आपल्या जागी उभं राहायला तिने रचनाला दोनदा सांगितलं होतं. रचना कडेवर पोर घेऊन उभी राहिली होती. तेव्हा कलावतीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

सकाळी चहा घेताना तिने प्रियांकाला विचारलं, “तुला जुन्याचं वावडं नाही ना?”

“नाही. विकत घेतलेलं जुनं मला चालेल. पैसे दिले की विषय संपतो.”

“मग मी उत्तराताईंना विचारते, कॉट केवढ्याला देणार.”

बोलून गेली खरी, पण पुढचे चार दिवस तिचा धीर होईना. बावीस वर्षांत तिने लोकांना स्वतःच्या कामाचे दर सांगितले होते, घासाघीसही केली होती. पण प्रेमाने देऊ केलेल्या वस्तूची किंमत विचारायची म्हणजे समोरच्याच्या तोंडावर ती परत करण्यासारखं. उत्तराताई दुखावल्या तर त्यांच्या सोसायटीतली आणखी दोन कामं जातील, हाही विचार होताच. पाचव्या दिवशी बाळकुमलाच एका घरी नवीन काम सुरू झालं आणि निमित्त मिळालं. अकरा वाजता तेल-आंघोळ आटपून ती उत्तराताईंकडे गेली.

उत्तराताई घरूनच काम करायच्या. नवरा साईनाथ घरी नव्हता. लॅपटॉप बंद करून त्यांनी चहा टाकला. कॉट बेडरूमच्या कोपऱ्यात होती. तिच्यात आता इस्त्रीचे कपडे आणि एक सूटकेस होती.

“मावशी, टेम्पो कधी पाठवताय?” त्यांनी विचारलं.

“त्याचंच बोलायचं होतं,” कलावती म्हणाली. चहाचा कप तिने खाली ठेवला. “सून म्हणते, कॉट घेऊ, पण विकत. किंमत सांगा.”

उत्तराताई हसल्या. “काहीतरीच काय. तुमच्याकडून पैसे घेऊ मी?”

“घ्या. नाहीतर ती कॉट घरात घेणार नाही.”

“म्हणजे? आमची वस्तू चालत नाही तिला?” उत्तराताईंचा आवाज जरासा बदलला. “मी एवढ्या मनापासून ठेवली होती मावशी. दोघातिघांनी मागितली, मी दिली नाही.”

“माहितीये मला. तुमचं मन खोटं आहे असं कुणी म्हणत नाही.” आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. “तिच्या आईला मिळालेल्या वस्तूंची ओझी झाली होती. तिला तसं नकोय. आणि खरं सांगू का, मलाही झालंच थोडंसं. कॉट मिळणार म्हणून तुम्हाला रविवारी नाही म्हणता येत नव्हतं मला. माझे गुडघे दुखत असले तरी यायचे.”

उत्तराताई कप घेऊन किचनच्या ओट्यापर्यंत गेल्या, तो न धुताच परत आल्या.

“मला हे सुचलंच नाही,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, तुम्हाला अर्णवचा लळा आहे म्हणून येता.”

“लळा आहेच की.”

खाली कुणाची तरी गाडी मागे घेताना टुंगटुंग वाजत होती. मग उत्तराताई खुर्चीत बसल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “तुम्ही खरं बोललात तर मीही बोलते. साईनाथची नोकरी मार्चमध्ये गेली. तो दोन महिने म्हणतोय, कॉट विकून टाकू, मोबाईलवर फोटो टाकू. मीच अडवलं, मावशींना शब्द दिलाय म्हणून. त्यावरून आमचं भांडणही झालं.”

“मग बोलायचं नाही का?”

“दिलेला शब्द कसा फिरवायचा? तुम्ही काय म्हणाला असतात?”

कलावतीला एकदम हलकं वाटलं. आपल्याला किंमत विचारायची लाज, यांना किंमत सांगायची लाज, आणि कॉट बिचारी कपडे घेऊन कोपऱ्यात उभी. ती उठली, सूटकेस खाली काढली, आणि दुसऱ्या कुणासाठी बघावी तशी ती कॉट पुन्हा नीट बघितली. एका बाजूचा सरकता कठडा नीट अडकत नव्हता.

“हा कठडा ढिला आहे,” ती म्हणाली. “तो कायमचा ठोकून बंद करावा लागेल. गादी मी घेणार नाही, नवी आणणार. चार हजार देते.”

“साडेतीन द्या. कठडा ढिला आहे खरा.”

“चार. साईनाथदादांना सांगा, मावशीने कमी केले नाहीत.”

निघताना उत्तराताई दारापर्यंत आल्या. रविवारचं काय करायचं, हे त्यांनी विचारलं नाही, कलावतीनेच काढलं. आतापर्यंतचं मनाने झालं ते तिथेच राहू दे, पुढे बोलवायचं असेल तर तासाचे ठरवून बोलवा, आणि गुडघा दुखत असला तर मी येणार नाही. उत्तराताईंनी मान हलवली. नंतर त्यांनी क्वचितच बोलावलं. बाहेर जाणंच कमी झालं होतं त्यांचं.

शनिवारी सुमित ओळखीच्या दौलतचा टेम्पो घेऊन गेला. कशेळीच्या पुलावर तासभर अडकले आणि कोनमार्गे कॉट कल्याणला पोचेपर्यंत अंधार पडला. जिन्याच्या वळणावर ती अडली, तेव्हा पाय सुटे करावे लागले. एक स्क्रू हरवला. सुमितने कामावरून तसाच एक आणला आणि ढिला कठडा दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून पक्का बंद केला. प्रियांकाने तो त्याच्याकडून तीनदा हलवून बघून घेतला.

गादीसाठी सासू-सून स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने उशी, तक्के आणि कडेने लावायच्या फुगीर झालरीसकट पूर्ण सेट काढला. “सगळे हाच नेतात ताई,” तो म्हणाला. उशी-झालरीत बाळाचा श्वास कोंडतो, म्हणून प्रियांकाने फक्त गादी मागितली, घट्टातली घट्ट. दाबून बघायचं काम कलावतीने केलं. गादी कॉटला बरोबर बसेल का हे बघायला प्रियांकाने पर्समधून मोजपट्टी काढली. बाटल्यांचा एक जोड घेतला, दुपट्यांचं सुती कापड मीटरवर घेतलं. कलावतीने एक पिवळं झबलं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि आपल्या पैशांनी घेतलं.

“हे दिलेलं आहे,” ती म्हणाली. “चालेल का?”

“आजीचं चालतं,” प्रियांका म्हणाली, आणि दुकानदाराला बिल वेगळं करायला सांगितलं.

माळ्यावरच्या पिशव्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला. पंप टाकून दिला. कपड्यांपैकी तुला हवे असतील तर बघ, असं कलावतीने रचनाला घरी बोलावून सांगितलं. रचनाने किंमत विचारली नाही. तीन झबली घेतली. पुढच्या महिन्यात रेशनच्या रांगेत कलावती स्वतः जाऊन उभी राहिली आणि येताना रचनाची साखरही घेऊन आली. रचनाला त्याचं जरा नवल वाटलं.

ऑगस्टमध्ये प्रियांकाला मुलगी झाली. दवाखान्यात भीमाबाई आल्या त्या स्वतःच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे शिवून, धुऊन, उन्हात वाळवून घेऊनच. पोरीला पहिल्यांदा गुंडाळलं ते त्यात. तुकड्याची कड प्रियांकाने बोटांत धरली होती.

कॉट खोलीत अर्धी जागा अडवून बसली होती. मुलगी पहिले दोन महिने तिच्यात रडायची आणि आईच्या अंगाला लागल्याशिवाय झोपायची नाही. प्रियांकाने मग दिवसा तिला थोडा थोडा वेळ तिथे निजवायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मुलगी सलग पावणेदोन तास झोपली. कलावती तेवढ्यात डोंबिवलीचं काम करून आली होती. तिने दारातच चपला काढल्या, आवाज न करता हातपाय धुतले, आणि प्रियांकाला म्हणाली, “तू पण पड जरा. मी आहे.”