फाइल निवडा

"निवडते बाई, निवडते. किती वेळा निवडू?"

माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे ताई, कॉम्प्युटरशी अशाच दबक्या आवाजात भांडतात. घरी आमचं स्वयंपाकघर एक आणि इथे टेबल एक, त्यामुळे त्यांचं पुटपुटणंही माझ्या कानांतून सुटत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत रोगट पानं येतात. ताई पानाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, फोकस लावतात, पडद्यावरचं चित्र कॉपी करतात. लांबच्या तज्ज्ञांना ते वेबसाइटच्या फॉर्ममधून पाठवायचं असतं, आणि फॉर्मला हवी असते फाइल. म्हणजे चित्र आधी दुसऱ्या प्रोग्राममध्ये चिकटवा, सेव्ह करा, नाव द्या, मग फॉर्ममध्ये जाऊन तेच शोधत बसा. ताईंच्या फाइलींची नावं अशी: पान, पाननवीन, पाननवीनखरं.

गेल्या महिन्यात अकरा चित्रं 'अस्पष्ट' असा शेरा घेऊन परत आली. साहेबांनी चष्मा पुसत सांगितलं, की या महिन्यातही असंच झालं तर सूक्ष्मदर्शकावर दुसरं कुणीतरी बसवावं लागेल. बावीस वर्षं ताई त्या स्टुलावर बसताहेत.

"चित्र इतक्या वेळा इकडचं तिकडे केलं की खराब होणारच," मी म्हणाले. साहेबांनी लगेच मान डोलावली. फॉर्मवर ढकलणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

मग मी कंबर कसली. कोडिंग मला कुणी शिकवलेलं नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ थांबवत, मागे नेत, डब्याच्या सुट्टीत शिकले. तीन आठवडे घास हातात आणि डोळे पडद्यावर. ब्राउझरमध्ये चालणारा छोटासा प्रोग्राम लिहायचा होता: फॉर्म उघडा, पेस्ट करा, की क्लिपबोर्डवरचं, म्हणजे शेवटचं कॉपी केलेलं, चित्र थेट फाइल होऊन, नमुन्याचा क्रमांक हेच नाव घेऊन, आपल्या चौकटीत जाऊन बसलं पाहिजे.

पहिल्यांदा चाललं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. नमुना तीनशे अठरा, एका फटक्यात गेला! दहा मिनिटांनी तज्ज्ञांचा फोन आला: पानाऐवजी गोटा केलेलं एक बाळ दिसतंय. ताईंनी मधल्या वेळात नातवाचा फोटो कॉपी केला होता.

"बुरशी नाही ना म्हणाले?" ताई गंभीरपणे म्हणाल्या. आम्ही दोघी टेबलावर डोकं टेकून हसलो.

त्यावरून एक पायरी वाढवली. पाठवण्याआधी चित्र पडदाभर मोठं दिसेल, ते बघून एंटर दाबायचं. बस.

सोमवारी सकाळी साहेब मागे येऊन उभे राहिले. ताईंनी काप ठेवला, फोकस लावला, कॉपी केलं. मी पेस्ट केलं. क्रमांक बरोबर. ना सेव्ह, ना शोधाशोध. एका नमुन्याला आठ मिनिटं लागायची, तिथे अर्ध्या मिनिटात आम्ही एंटरपाशी.

"वा, बाई," साहेब म्हणाले, "घरी शिकलात हे?"

"डब्याच्या सुट्टीत," मी म्हणाले आणि पडद्याकडे बघितलं.

पडदाभर पान होतं. हिरवट, धुरकट, कडा विरघळलेल्या.

"पुन्हा एकदा घ्या," साहेब हळूच म्हणाले.

ताईंनी पुन्हा फोकस लावला. पुन्हा धुकं. मग मी उठले, कारण नसताना पडद्याची वायर हलवून बघितली. साहेबांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं.

"वेबसाइटचंच काहीतरी असेल," मी म्हणाले. चित्र अजून वेबसाइटवर गेलंच नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. वाटेतल्या सगळ्या पायऱ्या मीच काढून टाकल्या होत्या. आता मध्ये दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

"थांब," ताई म्हणाल्या. त्यांनी फोकसच्या चाकावरून हात काढला आणि पदराला पुसला. "तुझं काम चोख आहे गं. वायर सोड ती."

मी वायर सोडली.

"दीड वर्ष झालं," त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या. "मला नीट दिसत नाही. मी अंदाजाने फोकस लावते."