फ्रिजवरची हळद

जयंतने मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी उचलली आणि थेट फ्रिजवर नेऊन ठेवली.

“ही कॅलिफोर्निया,” तो म्हणाला.

अनुराधाने हातातलं लाटणं तसंच धरून आधी फ्रिजकडे पाहिलं, मग डब्याकडे. उरलेल्या वाट्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या आणि हळदीच्या जागी स्टीलचा पिवळट गोल तेवढा दिसत होता.

“आणि तरी ती ह्याच डब्यातली?”

“ह्याच डब्यातली. एकच कॉन्फरन्स.”

“मग त्याला डबा कशाला म्हणायचं?”

टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली इरावती म्हणाली, “आई, तो तर काहीच नाही. फ्लोरिडावाला पण येतोय.”

जयंतने लगेच मोहरीची वाटी मायक्रोवेव्हवर नेली. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या स्वयंपाकघरात अमेरिका अशी जागा मिळेल तिथे पसरत चालली, आणि पोळ्या तशाच राहिल्या.

कॉन्फरन्स म्हटलं की इतकी वर्षं अनुराधाच्या डोळ्यांपुढे गळ्यातला बिल्ला आणि फुकटची कापडी पिशवी यायची. हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी, त्यामुळे अशा पिशव्या घरात ढिगाने होत्या. अमेरिकेतल्या कॉलेजांचंही कॉन्फरन्स असतं, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट असतो, हे तिला वसंतात कळलं. ओहायोतल्या एका कॉलेजने इरावतीला हॉकीची गोलकीपर म्हणून बोलावलं होतं. शिक्षणाचा खर्च त्यांचा. तेव्हा नकाशावर ती सगळी कॉलेजं शेजारीपाजारी होती आणि बरोबर मधोमध वरदा राहत होती, अनुराधाची धाकटी बहीण. प्रत्येक सामन्याला मावशी गाडी काढून जाणार, अगदी डबा घेऊन. तेवढ्यावर अनुराधा हो म्हणाली होती. नाहीतर इथलं लफबरो विद्यापीठ काय वाईट होतं? M1 हायवे धरला की पोचलं.

आणि ह्या आठवड्यात बातमी आली की कॉन्फरन्स वाढलं.

लॅपटॉपवर कोच आली. मेगन तिचं नाव, डोक्यावर टोपी, मागे कपाटात चषक. “मिसेस डॅमली,” ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, “मनात असेल ते विचारा.”

दामल्यांचं असं होतं, त्याची अनुराधाला सवय होती. कणकेचे हात तिने नळाखाली धरले, पुसले, आणि येऊन बसली.

“हे कशासाठी केलं?”

मेगनने नीट सांगितलं. सगळं अमेरिकन फुटबॉलसाठी. टीव्हीवाल्यांना दिवसभर सामने हवेत. पूर्वेकडचा संपला की मधला सुरू होतो, तो संपेपर्यंत कॅलिफोर्नियात खेळायची वेळ होते. शिवाय नवं मोठं शहर आत आलं की तिथले प्रेक्षक आपले होतात. अनुराधा मान हलवत राहिली. ती गोळ्या समजावून सांगताना काउंटरवरचे पेशंट जशी हलवतात, अगदी तशीच.

“पण हॉकी बघतं का कुणी टीव्हीवर?”

“फारसं नाही.”

“मग हॉकीच्या मुलींनी पाच तास विमानात का बसायचं?”

“कारण फुटबॉल तिकडे गेला.”

“आणि हॉकीसाठी फुटबॉलची मुलं कुठे जातात?”

जयंतला खोकला आला. मेगनने टोपी काढून केसांतून हात फिरवला.

“खरं सांगू?” ती म्हणाली. “आमच्या जुन्या गटातलं एक कॉलेज आधी गेलं. मग त्याच्या पाठोपाठ दुसरं. उरलेल्यांना वाटलं, आता खेळायचं कुणाशी? जायची हौस कुणालाच नव्हती. मागे राहायचं नव्हतं, इतकंच.”

सगळ्या बोलण्यात हे एवढंच अनुराधाला पहिल्या फटक्यात कळलं. ती टेबलावर सांडलेलं पीठ बोटाने गोळा करू लागली.

“कळलं,” ती मराठीतच म्हणाली.

“She says OK,” इरावतीने सांगितलं.

“मी ओके म्हटलेलं नाही.”

मेगन हसली, आणि रविवारपर्यंत उत्तर हवं असं सांगून गेली.

वरदाचा फोन आला तो हसतच. “ताई, मी काय आता पोहे घेऊन विमानाने जाऊ? सिक्युरिटीवाले कढीपत्ता बघून मलाच आत टाकतील.” मग तीच गंभीर झाली. “घरच्या मैदानावरच्या सामन्यांना जाईन ग मी. बाकीचे लॅपटॉपवर दिसतात म्हणे. तुलाही दिसतील.”

अनुराधाने विषय बदलला. कारण इरावतीचा एकही सामना तिने धड पाहिलेला नव्हता. पोरगी लहान असताना एकदा बॉल गळ्याशी लागला होता आणि ती मिनिटभर उठली नव्हती. त्यानंतर अनुराधा नेऊन सोडायची, आणायची, आणि मधला वेळ मैदानाच्या कार पार्कमध्ये, गाडीत, मांडीवर थर्मास घेऊन बसायची. मैदानाकडे बघायची नाही. घरात त्याची चेष्टा होई. तिला स्वतःला मात्र तो भित्रेपणा वाटे, आणि इरावतीलाही तसंच वाटत असणार, असं ती धरून चालली होती.

शुक्रवारी संध्याकाळी इरावती भांडी पुसायला आली. हे आपणहून कधी होत नसे.

“आई, मावशी येणार नाही म्हणून तू नको म्हणू.”

“मग कशासाठी म्हणू?”

“मला मावशी नाही लागत. I mean, she’s lovely. मला गाडी लागतो.”

“कसली गाडी?”

“आपला. लाल.” इरावती एकच ताटली पुन्हा पुन्हा पुसत होती. “फर्स्ट हाफमध्ये तो समोर असतो ना, पार्किंगमध्ये. मी आधी गाडी बघते, मग बॉल.”

“आणि सेकंड हाफला?”

“तेव्हा तू मागे असते. मला माहीत असतं. मला जायचंय, खरंच. पण तिकडे काय बघायचं ते कळत नाही.”

अनुराधाने तिच्या हातातली ताटली काढून घेतली आणि रॅकमध्ये लावली. काहीतरी बोलायला हवं होतं. “मोजे धुतलेस का?” असं ती म्हणाली.

शनिवारी सकाळी तिने इरावतीला मैदानाच्या फाटकाशी उतरवलं. ती अवजड पॅड्सची बॅग ओढत आत गेली, तशी अनुराधाने गाडी वळवली. राउंडअबाउटला एक पूर्ण फेरी घातली. मग दुसरीही घातली. आपण नेमकं काय करतो आहोत हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी पलीकडच्या गल्लीत गाडी लावून ती रेडवेने, म्हणजे सायकलींच्या लाल वाटेने, सायकलवाल्यांना वाट देत, चालत परत आली आणि चेंजिंग रूमच्या भिंतीआड, कुंपणाच्या जाळीला धरून उभी राहिली.

कृत्रिम गवताच्या निळ्या मैदानावर इरावती गोलमध्ये उभी होती. एवढ्या मोठ्या पॅड्समध्ये ती कुणा दुसऱ्याचीच मुलगी वाटत होती. तिने कार पार्ककडे पाहिलं. नेहमीची जागा रिकामी होती. तिने मान लांब करून पुन्हा पाहिलं, हेल्मेट वर सरकवलं, आणि तेवढ्यात शिट्टी झाली.

पहिला बॉल आला तेव्हाही ती तिकडेच बघत होती. गोलमधल्या लाकडी फळीवर खाडकन आवाज झाला. गोल. पलीकडच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

अनुराधाचं एक पाऊल भिंतीबाहेर पडलं होतं. तिने ते मागे घेतलं. मुठीतली किल्ली तळव्यात रुतत होती. समोरची मुलगी जरा वेळ नुसतीच उभी राहिली, मग दोन्ही पॅड्सवर हात आपटून खाली वाकली. पुढचा बॉल आला, त्याच्या आडवी ती सबंध अंगाने पडली, बॉल तिच्या पायाला लागून बाहेर गेला आणि ती उठली. पुन्हा आला, तोही गेला. अनुराधाने डोळे मिटले नाहीत. गळ्याशी आला तेव्हाही नाही.

इरावतीने परत कार पार्ककडे पाहिलं नाही. पहिला हाफ संपेपर्यंत नाही, दुसऱ्यात तर एकदाही मागे वळली नाही. अनुराधाला हेच हवं होतं. ते इतक्या लवकर मिळेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

सामना संपल्यावर तिने गाडी फाटकाशी आणली. ओल्या केसांनी इरावती आत बसली आणि पट्टा लावला.

“कुठे होती तू?”

“पार्किंग मिळालं नाही.”

इरावतीने काचेतून बाहेर पाहिलं. अर्ध्याहून जास्त कार पार्क मोकळं होतं. तिने ओले केस कानामागे सारले. मग म्हणाली, “तो पहिला गोल माझा फॉल्ट नव्हता.”

“होता,” अनुराधा गिअर टाकत म्हणाली. “तू बॉल बघत नव्हतीस.”

इरावती हळूच तिच्याकडे वळली. अनुराधा रस्त्याकडे बघत राहिली. पुढे राउंडअबाउट होता आणि तिथे कुणाला आधी जाऊ द्यायचं, ह्याचा तिला आज अतोनात विचार करावा लागत होता.

घरी आल्यावर तिने वरणाला फोडणी टाकायला घेतली. मोहरी मायक्रोवेव्हवरून जयंतने केव्हाच खाली आणली होती. ती तडतडली, हिंग पडला, आणि तिचा हात सवयीने डब्यातल्या रिकाम्या गोलावर गेला. तिने वर पाहिलं. गॅस बारीक केला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढून चिमूटभर हळद घेतली.

“खाली आणू का ती वाटी?” दारातून जयंतने विचारलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “हात पोचतो.”